वाक्यात ‘सारखा’ आला की उपमा झालीच का?

पाटीपेन्सिल: माझ्या नववीतल्या मुलीने चाचणीत ‘मुलगा वडिलांसारखा दिसतो’ या वाक्यापुढे ‘उपमा अलंकार’ असे लिहिले आणि तिचा गुण गेला. उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे मुलगा), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते, इथे वडील), साधारण धर्म (दोघांत समान असलेली गोष्ट, इथे दिसणे) आणि साम्यवाचक शब्द (‘सारखा’) ही चारही अंगे मला तरी या वाक्यात दिसतात. मग ती उपमा का नव्हे?

माळरान: अंगे आहेत, अलंकार नाही. न्यायशास्त्रात (तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात) उपमान, म्हणजे तिथे साम्यावरून ओळखणे, हे ज्ञानाचे एक प्रमाण, म्हणजे साधन, मानले आहे आणि त्याचे ठरलेले उदाहरण ‘गायीसारखा गवा’ हे आहे: ज्याने गवा कधी पाहिलेला नाही, तो हे ऐकून रानात जातो आणि समोर आलेले जनावर ओळखतो. ही तुलना माहिती देते, पण तिच्यात चमत्कृती, म्हणजे मनाला चकित करणारे सौंदर्य, नाही, म्हणून काव्यशास्त्र तिला अलंकार मानत नाही. मुलाचे वडिलांशी असलेले साम्य तर अपेक्षितच असते.

जुनीवही: सहमत आहे. मात्र खरी गंमत साधारण धर्मात असते. ‘तो बैलासारखा राबतो’ यात कष्ट शब्दांत सांगितले आहेत. ‘तो बैलासारखा आहे’ म्हटले की लुप्तोपमा (एखादे अंग गाळलेली उपमा) होते आणि गाळलेला धर्म ऐकणारा आपल्या मनाने भरतो. आमच्या गावात तो मठ्ठपणाच असतो. ‘सारखा’ही काढून ‘बैल आहे नुसता’ म्हटले की रूपक, म्हणजे दोन्ही एकच मानणे. (शिवीला रूपकच सोयीचे पडते.)

माळरान: उलट, साम्यवाचक शब्द नसतानाही उपमा असू शकते. ‘मुखचंद्र उगवला’ यात उगवणे चंद्राला शोभते, म्हणून मुख हाच चंद्र, अर्थात रूपक. ‘मुखचंद्र हसला’ यात हसणे मुखाचे, म्हणून चंद्रासारखे मुख, अर्थात उपमा. समास तोच असला तरी क्रियापद कोणाच्या बाजूचे आहे यावर संस्कृत आलंकारिक (अलंकारांचे शास्त्रकार) निर्णय करतात.

पाटीपेन्सिल: मुलीला वाचून दाखवले. ‘मुलगा सावलीसारखा वडिलांच्या मागे फिरतो’ असे लिहिले असते तर गुण मिळाला असता का, असे ती विचारते आहे.

जुनीवही: मिळायलाच हवा होता. मुलगा आणि सावली एका जातीची नव्हेत, आणि मागे फिरण्यापुरतीच ती एक झाली आहेत.