मदत हवी आहे : सकाळच्या रेडिओ शोमध्ये विनोद, बातम्या आणि पाहुणे जमवायचे कसे?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर मला सकाळी ७ ते ८चा शो मिळालाय. थोडी गंमत, थोड्या बातम्या, एक पाहुणा.

बातम्यांचं गणित कळलंय. खासगी एफएमप्रमाणे आम्हालाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणीपुरवठा अशी माहिती मात्र चालते. आणि खरं सांगू का, सोलापूरकराला सकाळी सातला 'आज कुठल्या भागात पाणी' याहून मोठी बातमी नसतेच!

अडतंय पाहुण्यांपाशी. परवा एका यंत्रमाग कामगार मामांना बोलावलं. बाहेर चहा पिताना मराठी-तेलुगू मिसळून असे किस्से सांगितले की हसून पोट दुखलं. माईक सुरू झाला आणि मामा एकदम 'होय', 'नाही', 'बरं'. मध्येच एकदा खुलले, तर आवाजाच्या मीटरचा काटा थेट लालमध्ये! मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, हळू बोलायची सवयच नाही ओ. पुढच्या आठवड्यात कडक भाकरी करणाऱ्या मावशी येणार आहेत, त्या आत्ताच घाबरल्यात.

अशा माणसांना बोलतं कसं करता? आधी रेकॉर्ड करून कापावं की थेटच जावं? आणि अपघाताची, रस्ता बंद असल्याची माहिती सांगून लगेच विनोदावर कसं यायचं? मध्ये गाणं टाकून बघितलं, पण ते पळवाटच वाटतं. रेडिओवर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.