नवरा काळा, बायको गोरी, दोघंही लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे). "दुर्लक्ष करा" म्हणालो, चुकलं का?

हूजिअर पुणेकर
आम्ही कोलंबस, इंडियानाला असतो (ओहायोतलं नव्हे, दर वेळी सांगावं लागतं). गेल्या वर्षी शेजारी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सहून एक जोडपं राहायला आलं. तो डॉमिनिकन, काळाभोर. ती पोर्तो रिकन, घारी-गोरी. घरात दोघं स्पॅनिशच बोलतात, पण बाहेर लोक तिला इटालियन समजतात आणि त्याला आफ्रिकन-अमेरिकन, आणि हे दोघं एकमेकांचे कुणी असतील हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मागच्या रविवारी चहाला आले होते तेव्हा तिने सांगितलं. दुकानात काउंटरच्या पट्ट्यावर सामान ठेवलं, दूध, डायपर, ती तळायची हिरवी केळी, सगळं एका ढिगात. कॅशियर बाईने दोन गिऱ्हाइकांचं सामान वेगळं ठेवायची ती प्लॅस्टिकची दांडी उचलली आणि बरोबर ढिगाच्या मधे ठेवली. डायपर हिचे, केळी त्याची. ही म्हणाली अहो आम्ही एकत्र आहोत, तर ती सॉरी म्हणून हसली, विषय संपला. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, माझं हे रोजचंय, तुला आज दिसलं.

त्याआधी घराचं झालेलं. ती एकटी जाऊन एक अपार्टमेंट बघून आली, सगळं पक्कं, फक्त सही राहिली. सहीला हा बरोबर गेला तर "ते कालच गेलं". तेव्हापासून यांचा नियम असा की फोन तिने करायचा, घर तिने बघायचं, डॉक्टरकडे पुढे ती, आणि हा गाडीत बसून राहणार. मी म्हटलं युक्ती झकास आहे, बाकी दुर्लक्ष करा, लोकांना सवय होते हळूहळू. तो काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून उठला. आमची ही म्हणते तू माती खाल्लीस. खाल्ली का?

तिरकस तात्या
काही माती बिती नाही. बरोबर सांगितलंत. परक्या गावात जाऊन राहायचं तर कातडी जाड करावी लागते, रंग कुठलाही असो. आम्ही 1986 ला जर्सी सिटीत आलो, 87 ला तिथे ते डॉटबस्टर्स सुरू झाले, टिकलीवाल्या बायकांना रस्त्यात गाठायचे, आपल्या माणसांना मारहाण, सगळं बघितलंय. हिने काय केलं, टिकलीचं पाकीट पर्समधे ठेवायचं, ऑफिसात पोचल्यावर लावायची, निघताना काढायची. भाषण नाही, मोर्चा नाही. निभावलं ना? ते दोघंही निभावतील.

वहीवाली
तात्या, टिकली काढता येते हो.

आणि पुणेकर, त्या अपार्टमेंटचं काय केलं पुढे? माणसाचा रंग बघून घर नाकारणं 1968 च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने बेकायदा आहे, एक वर्षाच्या आत केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, तक्रार करता येते, वकीलच हवा असंही नाही. त्यांना सांगा तारीख, वेळ, कोण काय बोललं, सगळं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, मेसेज असतील तर पुसू नका.

"लोकांना सवय होते" यावर तर मला हसूच आलं. अगदी यांच्यासारखंच जोडपं होतं लॉस एंजेलिसला, आंद्रेया पेरेस आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस. ती मेक्सिकन वंशाची पण सरकारी कागदावर गोरी, तो काळा, म्हणून लग्नाचं लायसन नाकारलं. ते कोर्टात गेले आणि 1948 ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात 4 विरुद्ध 3 ने जिंकले. एक मत! सगळ्या देशात तसा निकाल यायला 1967 उजाडलं. सवयीची वाट बघत बसले असते तर बसलेच असते.

गावठी कोंबडा
सांगलीतून बोलतोय, अमेरिका बघितलेली नाही, राग मानू नका. पण दांडी ठेवली यात एवढं काय? आम्हा नवरा-बायकोला पण हॉटेलात विचारतात बिल वेगळं का. कॅशियर दिवसभर उभी असते, चुकली असेल. प्रत्येक गोष्टीत रंग शोधला की दिसणारच. घराचं मात्र वाईट झालं, ते मान्य.

हूजिअर पुणेकर
@कोंबडा, मीपण आधी हेच म्हणालो. पण तुम्हाला विचारतात, तिने विचारलं कुठे? सरळ दांडी ठेवली.

रानजाई
मी सॅन अँटोनिओत शाळेत आहे, लॅटिनो सहकारी भरपूर, म्हणून थोडं वेगळं. सगळं खापर गोऱ्या अमेरिकनांवर फोडू नका. यांच्या घरातच रंगाची उतरंड आहे. त्रिगेन्यो म्हणतात मधल्या रंगाला, त्रिगो म्हणजे गहू, म्हणजे आपला गव्हाळच की! कुरळ्या केसांना "वाईट केस". गोऱ्याशी लग्न केलं की आज्जी खूश, "मेहोरार ला रासा", वंश सुधारला. डॉमिनिकन लोकांच्या ओळखपत्रावर तर काळ्यासावळ्या माणसाला वर्षानुवर्षं "इंदिओ" लिहायचे, काळा हा शब्द टाळायला. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2021 च्या पाहणीत 62 टक्के लॅटिनो प्रौढ म्हणाले की गडद रंग पुढे जायला आड येतो. वर्षभरात भेदभाव अनुभवला म्हणणारे गडद रंगाच्यांत 64 टक्के, उजळांत 54.

म्हणून मला विचाराल तर यांचा प्रश्न गावाचा कमी आणि दोघांतला जास्त आहे. इतकी वर्षं संसार करून तिला दांडी आत्ता दिसली. त्याआधी तो सांगायचा तेव्हा ती काय म्हणायची? पैज लावते, "तुला उगाच वाटतं". आणि आता तिने पुढे जायचं आणि त्याने गाडीत बसायचं ही युक्ती म्हणजे घर मिळतं पण नवरा बाहेर राहतो.

तिरकस तात्या
रानजाई, छान लिहिता, पण बाळाच्या डोक्यावर छप्पर आधी की मान आधी? ती पुढे गेली म्हणून घर मिळालं. उपाशीपोटी तत्त्व कुणाचं भागलंय? आणि आपल्याकडे "गोरी, सुस्वरूप" अशी जाहिरात देणाऱ्यांनी त्यांच्या घरातल्या उतरंडीवर बोलू नये.

वहीवाली
तेवढं पटलं तात्या. छप्पर आधी, पण कायम तसंच नको. एक विचारू? काकू आता बाहेर जाताना टिकली लावतात का?

तिरकस तात्या
नाही. सवय गेली.

हूजिअर पुणेकर
अपडेट देतो. परवा मी जाऊन त्याला सॉरी म्हणालो. त्याने विषय बेसबॉलकडे नेला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तासभर ऐकलं. "उगाच वाटतं" बद्दल रानजाईंची पैज बरोबर निघाली, ते तिनेच आमच्या हिला सांगितलं. घराच्या तक्रारीचा फॉर्म त्यांनी उघडलाय, अजून पाठवला नाही, तो म्हणतो नवीन गावात पहिल्याच वर्षी भांडखोर म्हणून नाव नको, ती म्हणते पाठवू. त्यांचं ते बघतील.

काल दोघं पहिल्यांदा एकत्र डे-केअर बघायला गेले. जागा नाही म्हणाले, वेटिंग लिस्टवर नाव घातलंय. खरंच नसेलही, आमच्या लेकाच्या वेळी आम्ही चार महिने थांबलो होतो. तिने गाडीत बसून तारीख, वेळ आणि त्या बाईचं नाव वहीत लिहून घेतलं.