मदत हवी आहे: सिंगापूरमध्ये घरगुती सुजी केक आणि पांग सुसी कुठे मिळेल?

मंडळी, पुढच्या आठवड्यात सासूबाई गोव्याहून सिंगापूरला येतायत. त्या नाताळाला घरी बाथ (रवा-नारळाचा गोवन केक) करतात, म्हणून इथल्या युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या) लोकांचा सुजी केक त्यांना खाऊ घालायचा आहे. रवा लोण्यात भिजवून, बदाम आणि भरपूर पिवळा बलक घालून केलेला. कापल्यावर ओलसर, दाणेदार दिसतो तो. सोबत पांग सुसीही हवी, म्हणजे रताळं घातलेल्या मऊ पावात मसालेदार खिमा.

कातोंग–जू चियाट भागातलं एखादं छोटं, गल्लीतलं कॅफे शोधतेय, जिथे हे घरीच भाजलेलं मिळतं. सिलोन रोडवरची युरेशियन हेरिटेज गॅलरी बघून तिकडेच जायचा विचार आहे. मॉलमधल्या एका बेकरीतला केक आणून पाहिला, पण अगदी कोरडा निघाला. घरून ऑर्डर घेणाऱ्या एक बाई छान करतात असं कळलं, पण त्या अख्खाच केक देतात आणि आम्ही खाणारे तिघंच. शिवाय सासूबाईंना बसून, चहाबरोबर, निवांत खायला आवडेल.

अडचणी अशा: त्या डुकराचं मांस खात नाहीत आणि पांग सुसीत पारंपरिक सारण तेच असतं, त्यामुळे चिकनचं हवं. केकमध्ये ब्रँडी चालणार नाही. अंडं, बदाम चालतात. गुडघे दुखतात, म्हणून मरीन परेड स्टेशनपासून फार चालणं किंवा जिना नको. जायचं आहे ते कामाच्या दिवशी, दुपारी.

अलीकडे स्वतः जाऊन आलेल्या कुणी सांगाल का, असं कॅफे कोणतं, आणि चिकनची पांग सुसी आधी सांगून ठेवावी लागते की आयत्या वेळी मिळते?