कॉलेजच्या विशाखा समितीत (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या) खरेखुरे विद्यार्थी प्रतिनिधी कसे आणायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात एमएस्सीला आहे. डिसेंबरात आमचा एनएसएसचा कॅम्प होता, तिथे टीवायच्या एका मुलाने एफवायच्या मुलीला रात्री भांडी घासायच्या जागी अडवून अंगचटीला जायचा प्रयत्न केला. तिने रूममेटला सांगितलं, रूममेटने मला, मग आम्ही दोघी सरांकडे गेलो तर ते म्हणाले की कॅम्प दुसऱ्या गावात होता, कॉलेजच्या आवारात काही झालेलं नाही, उगाच मुलीचं नाव खराब होईल. ती आता फक्त प्रॅक्टिकलपुरती येते आणि तो मुलगा गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करत होता, ते बघून डोकंच फिरलं माझं.

समिती आहे, म्हणजे ऑफिसबाहेरच्या काचेच्या बोर्डात कागद आहे. त्यावरच्या अध्यक्ष मॅडम रिटायर झाल्यात, नंबर लागत नाही. विद्यार्थी सदस्य म्हणून जिचं नाव आहे तिला विचारलं तर ती म्हणाली, अगं मला कुणी सांगितलंच नाही!

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) याबद्दलचे 2015 चे नियम वाचले. त्यात तक्रारीत विद्यार्थी असतील तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन असे एकेक, आणि तेही निवडून आलेले. आमच्याकडे सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधीसुद्धा सर ठरवतात. प्राचार्यांकडे ही मागणी कशी मांडायची? वर्गावर्गातून सह्या घ्याव्यात का थेट विद्यापीठाला लिहावं? आणि मुलांना यात कसं आणायचं, कारण कॅंटीनला कुणी मुलींवर कमेंट मारली की बाकीचे हसतात, तिथे त्यांच्यातल्याच एकाने "ए, बस कर" म्हटलं तर आमच्या पोस्टरपेक्षा जास्त फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. कुणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी दोन कॉलेजांच्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून काम केलंय. पहिलं म्हणजे सरांचं म्हणणं चूक आहे. त्याच नियमांत कॅम्पसच्या व्याख्येत फील्ड ट्रिप, स्टडी टूर, कॅम्प, क्रीडास्पर्धा, कॉलेजची बस सगळं येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते, त्यामुळे निवडणुकीच्या आधी हे बघा. मुलगी एफवायची आहे ना, मग वय विचारून घ्या, अठराच्या आतली असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो आणि माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मोठी असेल तर पोलिसात जायचं का हे तिचं तिने ठरवायचं, समितीचं काम तिला मदत करायचं.

निवडणुकीसाठी प्राचार्यांना लेखी पत्र द्या, नियमाचा उतारा जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. प्राचार्य, विभागप्रमुख स्वतः समितीत बसू शकत नाहीत, हेही लिहा. निवडून आलेल्या मुलांचं ट्रेनिंग मात्र नक्की करून घ्या. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात चौकशी घाईघाईत उरकली म्हणून सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये प्राध्यापकाच्या बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. घाईचा त्रास शेवटी तक्रार करणाऱ्यांनाच होतो, त्यांना तेच सगळं परत सांगावं लागतं.

मुलांसाठी एनएसएसचाच ग्रुप धरा, पण लेक्चर नको. पथनाट्य बसवायला सांगा आणि कमेंटला हसणाऱ्या मित्राचं काम त्यांच्यातल्याच एकाला द्या, तालमीतच निम्मी चर्चा होते. आणि हो, त्या मुलीचं नाव किंवा तिचे मेसेज कुठल्याही ग्रुपवर जाऊ देऊ नका, मदत करायच्या भरातसुद्धा नाही.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद ताई. तिचं वय आजच विचारते, अठराच्या वरची असली तर ती तयार असेल तरच पुढे जाऊ. तीन महिने पुढच्या आठवड्यात संपतायत, तर मुदतवाढीच्या अर्जात "सरांनी तक्रार घेतली नाही" असं सरळ लिहिलं तर चालेल का, का त्याला काही पुरावा लागेल?