फ्रीमेसनांचे दोन योहान : ठेवावेत की गाळावेत?

कर्कटक : वर्तुळ, मधोमध बिंदू आणि वर्तुळाला डावी-उजवीकडून टेकलेल्या दोन उभ्या रेषा. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची अवजारं प्रतीकं म्हणून वापरणारी बंधुसंघटना, तिचं हे जुनं चिन्ह. अमेरिकेत त्या रेषा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान (सण २४ जून) आणि शुभवर्तमान लिहिणारा सुवार्तिक योहान (२७ डिसेंबर). फ्रीमेसनांची शाखा म्हणजे लॉज, लॉजांची मध्यवर्ती संस्था म्हणजे ग्रँड लॉज. लंडनच्या पहिल्या ग्रँड लॉजचा स्थापनादिन मानतात तो २४ जून १७१७. पुढे इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्या २७ डिसेंबर १८१३ ला. इतकी मुळं असलेले संत भारतातल्या लॉजनीही जपावेत, असं मला मनापासून वाटतं.

फोर्टकर : ताई, मला नाही पटत. त्या एकीकरणानंतर खुद्द इंग्लंडनेच रेषांना बायबलमधले मोझेस आणि राजा सॉलोमन अशी नावं दिली. आणि आपली मुंबई? माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या लॉजचं दार बंद होतं. त्यातूनच १८४३ मध्ये भारतीयांना प्रवेश देणारी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज उभी राहिली. आज इथल्या लॉजमध्ये गीता, कुराण, अवेस्ता, बायबल शेजारी-शेजारी ठेवतात. तिथे एकाच धर्माचे दोन संत राखणदार कशाला?

कर्कटक : मग सॉलोमन तरी कुठे आपला? सगळा विधीच त्याच्या मंदिराभोवती रचलाय, तो गाळणार का? योहानावर श्रद्धा ठेवा असं मी म्हणत नाही. 'तो वाढावा, मी घटावं' असं पहिला योहान येशूबद्दल म्हणतो आणि त्याच्या सणाच्या सुमारास युरोपात दिवस लहान होऊ लागतो. माणसाने आपला मीपणा आवरावा, हे त्यातून किती सहज कळतं! हा अर्थ पारशालाही कळेल, वारकऱ्यालाही.

वीटकाम : माझे आजोबा गवंडी. भिंत चढवताना ओळंब्याचा दोरा डोळ्यासमोर धरून श्वास रोखायचे, लोलक स्थिर झाल्याशिवाय पुढची वीट नाही. म्हणून सांगतो, दोघांचंही अर्धवट आहे. १४०० च्या आसपासच्या इंग्रजी 'रीजियस' काव्यात पाथरवटांसमोर आदर्श ठेवलेत ते चार मुकुटधारी हुतात्मे. मूर्ती घडवायला नकार दिला म्हणून मारले गेलेले कारागीर! सण ८ नोव्हेंबरला. हातात छिन्नी धरणारे संत तेच.

फोर्टकर : दादा, हे पटलं. पण त्यांनाही रेषांवर बसवू नका. गुण्या, ओळंबा, कर्कटक ही गवंड्याची अवजारंच पुरेत. ती कुठल्याच धर्माची नाहीत.

कर्कटक : माझ्या लेखी रेषा योहानांच्याच. ८ नोव्हेंबर मात्र वहीत लिहून ठेवला.