आजारी बाबांना बायबलमधलं काय वाचून दाखवू? सल्ला हवाय

किनाऱ्यावरची
नमस्कार मंडळी. मालवणजवळ राहते. बाबांना पोटाचा कॅन्सर आहे. परळला टाटात दाखवून आणलं, आता घरीच ठेवा म्हणाले. सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, गेलेला माणूस ओटीवर खाटेवर पडून आहे. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, त्यामुळे वाडीतले सगळे रिकामे आणि सगळे भेटायला येतात.

येणाऱ्यांची वाक्यं ठरलेली. देवाची मर्जी. श्रद्धा ठेवा, बरे व्हाल. परवा एका मावशींनी तर विचारलं, घरात कोणाचं काही चुकलंय का, नवस राहिलाय का? बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या गेल्यावर म्हणाले, "माका देवाबरोबर भांडूचा आसा. तसा काय आसा तुझ्या पुस्तकात?"

आम्ही कॅथलिक. संध्याकाळी रोझरी होते, फादर कम्युनियन देऊन जातात, तेल लावायचा संस्कारही झाला. पण बायबल उघडून वाचायची सवय घरात कोणालाच नाही. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे 23वं स्तोत्र वाचलं, ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. पुढे काय वाचू? थोड्या वेळात डोळा लागतो, म्हणून लहान भाग सुचवा. आणि खोटी आशा नको.

वसईकर
स्तोत्र 91, यशया 43, रोमकरांस पत्र अध्याय 8. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ला
वसईकरांची यादी चांगली आहे, पण ती नंतर. भांडायचंय म्हणतात ना, मग आधी भांडू द्या. स्तोत्रसंहितेतली 150 पैकी बरीच स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. 88वं काढा. बहुतेक तक्रारी शेवटाकडे वळण घेतात, हे घेत नाही. अंधारावरच संपतं. तरी ते कोणी गाळलं नाही, हजारो वर्षं प्रार्थना म्हणूनच म्हटलं जातंय. 22व्याची पहिली ओळ तर येशूने क्रुसावर म्हटली, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. त्यामुळे बाबांना कोणी 'असं बोलू नये' म्हणालं, तर ती ओळ दाखवा.

मग ईयोबाचं पुस्तक, काही चूक नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं. 42 अध्याय आहेत, सगळे वाचू नका. मित्रांची भाषणं लांबलचक, आणि ती म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्यांचीच वाक्यं. तुझ्याच हातून काही घडलं असणार, असा त्यांचा सूर. गंमत अशी, की आल्यावर सात दिवस सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले होते, तेवढंच त्यांनी बरं केलं. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. तोंडावर भांडलेला ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, असं तो म्हणतो.

19वा अध्याय वाचाच. आधी नातलग दुरावले, कातडी हाडाला चिकटली, असं सगळं रडगाणं, आणि त्याच दमात, माझा उद्धारक जिवंत आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या मते बायबलमधली आशा ही अशी, तक्रारीच्या पोटातून आलेली. तक्रार दाबली तर तीही दबते.

आणि रापणकर आहेत म्हणून 38 आणि 41. देव 'का' याचं उत्तर देतच नाही. समुद्राला दारं कोणी लावली, इथवरच ये असं लाटांना कोणी सांगितलं, लिव्याथानाला, म्हणजे समुद्रातल्या त्या अजस्र प्राण्याला, गळाने ओढशील का, असं उलट विचारतो. हे तुमच्याआमच्यापेक्षा बाबांना जास्त कळेल.

पहाटतारा
ताई, औषधं मनातला संशय वाढवतात. गोळ्या थांबवून तीन दिवस उपास-प्रार्थना करा, साक्षी पाहिल्या आहेत.

सिस्टर नाही, नर्स
गोळ्या अजिबात थांबवू नका. पोटात कळा येत असताना कुठलंही स्तोत्र कानात शिरत नाही. मॉर्फिन दिलं असेल तर घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिल्याने मरण लवकर येत नाही, ही भीती घराघरात आहे म्हणून सांगते. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौलाने पत्रात तसं लिहिलंय.

त्या मावशींसाठी योहान अध्याय 9. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

अलिबागचा शनवारतेली
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, नवा करार माझा नाही, पण ईयोब आणि स्तोत्रं आमचीही. माणूस गेल्यावर सात दिवस आम्हीही खाली बसतो, आणि भेटायला येणाऱ्याने घरचा माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही अशी रीत आहे. नंतर म्हणतात त्या कद्दिश नावाच्या प्रार्थनेत मरणाचा शब्दच येत नाही, नुसती देवाची स्तुती. तरुणपणी याचा राग यायचा. आता वाटतं, त्या दिवसांत आपलं आपल्याला सुचतं कुठे, कोणीतरी शब्द हातात दिले तर बरं. 90वं स्तोत्र सुचवतो, मोशेच्या नावावरचं. आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, असं सरळ सांगून टाकतं.

किनाऱ्यावरची
88 वाचलं. बाबा म्हणाले, "ह्यो खरा बोलता. परत वाच." आता रोज तेच मागतात. ईयोबाचा समुद्रही आवडला, लिव्याथान किती वाव लांब असेल यावर काकांशी वाद झाला. पण परवा अचानक विचारलं, "मेल्यावर काय ता वाच." काय वाचू? पौलाचं 1 करिंथ 15 उघडलं, माझंच डोकं फिरलं.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ला
पौल नंतर. योहान 11, पण दोन बैठकांत. पहिल्या दिवशी 'येशू रडला' इथे थांबा. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. पुढचं दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर योहान 21. रात्रभर जाळं रिकामं, पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा. उजवीकडे टाका म्हणतो, जाळं भरतं. वर येऊन बघतात तर निखाऱ्यावर मासे आणि भाकर. मरणातून उठलेला माणूस न्याहारी करून वाट बघत बसलाय. पुनरुत्थानाचं याहून सोपं वर्णन मला माहीत नाही.

किनाऱ्यावरची
वाचलं. 153 मासे मोजले असं आलं तिथे बाबांनी थांबवलं. "मोजल्यानी म्हणजे वाटे घालूचे होते." आणि चक्क हसले.

कणकवलीहून
मध्येच विचारते. आईला दिसत नाही, दिवसभर एकटी असते. ऐकायला काही आहे का?

वसईकर
नवा करार मराठीत ध्वनिमुद्रित आहे, मोबाइलवर फुकट मिळतो. आधी उतरवून ठेवा, पावसात रेंज जाते. योहानापासून लावून द्या, मत्तयची सुरुवात नुसती वंशावळ आहे, त्यात झोपतील.

सिस्टर नाही, नर्स
आणि आवाज जरा मोठा ठेवा, कौलांवर पाऊस असला की काही ऐकू येत नाही.