'व्हॉलंटिअर रायफल्स'ला मराठीत काय म्हणायचं?

शंका: ब्रिटिश काळात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची 'व्हॉलंटिअर रायफल्स' नावाची पलटण होती. तिच्यावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि शीर्षकातच अडलोय. 'स्वयंसेवक' म्हटलं की गणपती मंडळातली बिल्ला लावून दोरी धरणारी पोरं डोळ्यांपुढे येतात. 'शिबंदी' चालेल का?

— शिबंदी नको. मूळ फारसी 'सिहबंदी'. सिह म्हणजे तीन. दर तीन महिन्यांनी पगार, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. किल्ल्याची राखण आणि वसुलाचा बंदोबस्त ही तिची कामं. शिबंदी *ठेवतात*, ती आपणहून येत नाही. तुमचा व्हॉलंटिअर दिवसा गार्ड नाहीतर फिटर, आणि फावल्या वेळात कवायत करणारा.

— 'आपणहून' हे जरा जपून! बऱ्याच रेल्वे कंपन्यांत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांना पलटणीत नाव घालणं ही नोकरीचीच अट असे. व्हॉलंटिअर नावाचा, पण ना म्हणायची सोय नाही.

मुळात हा शब्द आपल्याकडे या अर्थाने रुजला 1857 मुळे. उठाव झाला तेव्हा कलकत्त्यात गोऱ्या रहिवाशांनी अशा तुकड्या उभ्या केल्या, 1869 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. पुन्हा तसा प्रसंग आला तर स्टेशन, खजिना, बायकापोरं यांचं रक्षण करायला हाताशी माणसं असावीत, हा हिशोब. ज्यांच्यापासून रक्षण करायचं त्यांनाच बंदूक कोण देणार? म्हणून हिंदी माणसाला दार जवळपास बंद. आम्हालाही व्हॉलंटिअर होऊ द्या, असा ठराव काँग्रेसने 1886 च्या कलकत्ता अधिवेशनात केला. पुढेही करत राहिली.

खरी गंमत 1917 ची. महायुद्धात माणसं कमी पडली आणि 'इंडियन डिफेन्स फोर्स'चा कायदा आला. 16 ते 50 वयाच्या गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनांना त्यात सक्ती, हिंदी लोकांना ऐच्छिक भरती. म्हणजे इतकी वर्षं व्हॉलंटिअर म्हणवणारे सक्तीचे झाले आणि ज्यांना आत घेत नव्हते तेच तेवढे खरे व्हॉलंटिअर! टिळकांनी तेव्हा तरुणांना नावं नोंदवायला सांगितलं, कारण लष्करी शिक्षण ही त्यांची जुनीच मागणी. 1920 मध्ये पुन्हा वाटणी झाली: गोऱ्यांना 'ऑक्झिलिअरी फोर्स', आपल्याला 'टेरिटोरिअल फोर्स'. आजची प्रादेशिक सेना त्या दुसऱ्या वाटेवरची.

— थोडं विषयांतर, पण मी मराठवाड्यातला, राहवत नाही. 'रझाकार' या शब्दाचा अर्थही स्वयंसेवकच. रझा म्हणजे राजीखुशी, कार म्हणजे करणारा. आपली रजा, राजी आणि राजीनामा याच घरातले. पण निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत जे भोगलं त्यानंतर आमच्याकडे हा शब्द कोशातल्या अर्थाने कुणी वापरेल? दांडगाई करणाऱ्याला आजी अजून 'रझाकार मेला' म्हणते. शब्दाचा अर्थ शेवटी हातात बंदूक कुणाच्या होती यावरच ठरतो.

— 'हौशी पलटण' कसं वाटतं?

— नाटक वाटतं.

शंकाकार: ठरलं. 'व्हॉलंटिअर पलटण' लिहितो, आणि पहिल्याच परिच्छेदात ती नोकरीची अट घालतो. स्वयंसेवक शब्द 1917 च्या हिंदी भरतीसाठी राखून ठेवतो, तिथे तो शोभेल. निदान पलटण तरी आपली.

— पलटणसुद्धा बाहेरूनच आलीय हो.

शंकाकार: असू दे. इथे राहून तिला दोनशे वर्षं झाली, आता कोण कागदपत्रं मागतंय!